शुक्रवारचं घड्याळ

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. लग्न ठरतानाच मी बायकोला हे सांगितलं होतं. तेव्हा ती हसली होती, आता हसत नाही. जेवताना माझा गुडघा हलत असतो, लिफ्टचं बटण मी चार वेळा दाबतो, आणि डांगे चौकात सिग्नल सुटायच्या आधीच माझी गाडी पुढच्या रिक्षाला टेकलेली असते. असल्या माणसाला कोणी सर्व्हर सांभाळायला ठेवू नये. चाकणच्या एका कंपनीनं ठेवलं, आणि अकरा वर्षं झाली तरी काढलेलं नाही.

कंपनी गाड्यांच्या ब्रेकमधल्या नळ्या बनवते. प्रत्येक नळीला बारकोडचा स्टिकर लागतो. ऑपरेटरनं नळी तपासून बटण दाबलं की तिची नोंद माझ्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये होते, नोंद झाली की प्रिंटर स्टिकर बाहेर टाकतो, आणि स्टिकर नसलेली नळी गेटाबाहेर जात नाही. गेटवरचं अंगठ्याचं हजेरी मशीनही त्याच सर्व्हरला जोडलेलं आहे. माणूस आत येतो तोही माझ्यामार्फत आणि माल बाहेर जातो तोही माझ्यामार्फत, असं मी पूर्वी घरी आलेल्या पाहुण्यांना ऐटीत सांगायचो.

गेल्या दिवाळीच्या आधी लाइनवर बोंब उठली. स्टिकर यायला चार-चार, पाच-पाच सेकंद लागायला लागले. प्रॉडक्शन मॅनेजर दर तासाला फोन करायचा, ‘तुझ्या स्टिकरपायी माझ्या लाइनवरच्या बायका हातावर हात ठेवून उभ्या आहेत.’ मी दोन दिवस त्यातच डोकं घातलं आणि दुखणं सापडलं. डेटाबेस कुठलीही नोंद आधी घाईघाईनं एका लॉगमध्ये उतरवून घेतो आणि मग ती मूळ जागी नीट लावतो. घरात वाळलेले कपडे दोरीवरून काढून आपण आधी खुर्चीवर टाकतो आणि नंतर घड्या करून कपाटात ठेवतो, त्यातलाच प्रकार. आमचा डेटाबेस दर पाच मिनिटांनी हातातलं काम टाकून घड्या करायला बसत होता आणि तेवढ्या वेळात स्टिकर अडकत होते. मी सेटिंग बदललं. लॉगला भरपूर जागा दिली आणि घड्या तासातून एकदाच करायला लावल्या.

स्टिकर एका सेकंदात यायला लागला. मॅनेजरनं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, कॅन्टीनमध्ये लोक मला डॉक्टर म्हणायला लागले, आणि मी तो मान निमूट घेतला. खुर्चीवर तासभराचा ढीग साचेल त्याचं पुढं काय, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तरी त्या दिवसांत मी त्याला हाकलूनच लावलं असतं.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी कामावर आणि गुरुवारी घरी, हे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लहानपणापासूनच अंगवळणी पडतं; माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते, तेव्हा आमच्या घरात मटण गुरुवारी शिजायचं. तर गुरुवारी सकाळी सातला तिसरी शिफ्ट सुटते आणि सव्वासातला आमचा इलेक्ट्रिशियन मेन स्विच खाली ओढतो. मग दिवसभर पॅनेलमधली धूळ हवेनं उडवायची, नट आवळायचे, काळवंडलेल्या वायरी बदलायच्या. शुक्रवारी पहाटे साडेसहाला स्विच वर. कंपनीची पहिली वीट रचली तेव्हापासूनची ही रीत आहे. मेन खाली गेला की सर्व्हर बॅटरीवर वीस मिनिटं कळ काढतो आणि मग आपोआप बंद पडतो. शुक्रवारी आपोआप उठतो. त्याला नीट बंद करायला त्या वेळी आयटीचं कोणी नसायचं, कारण आयटी म्हणजे मी एकटा, आणि माझी ड्यूटी साडेआठची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

दिवाळीनंतर शुक्रवार बिघडले. साडेसहाला सर्व्हर उठायचा, पण डेटाबेस दार उघडेना. पडद्यावर ‘सुरू होत आहे’ एवढंच. सातला पहिली शिफ्ट लागायची, नळ्या निघायच्या, स्टिकर मात्र सव्वासात-साडेसातपर्यंत नाही. मी शुक्रवारी पहाटे यायला लागलो. थेरगावहून निघून मोशीच्या पुढं ट्रकांच्या रांगेत घुसायचं, साडेसहाला कंपनीत टेकायचं आणि त्या पडद्यासमोर उभं राहायचं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझा गुडघा हलायला लागायचा, मग पाय, मग मी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायचो. शेवटी बटण दाबून सर्व्हर बंद करायचो आणि पुन्हा चालू करायचो. पहिल्या शुक्रवारी मी हे तीन वेळा केलं. प्रत्येक वेळी डेटाबेस झालेलं सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करत होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी तिथं नसतो तर तो बिचारा लवकर उठला असता.

मी सगळ्यांना दोष दिला. सर्व्हर विकणाऱ्या माणसाला फोनवर इतकं झापलं की तो माझा नंबर उचलेना. डिस्क बदलून घेतली. इलेक्ट्रिशियनला गाठलं. तो जवळच्याच गावचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. त्यांच्या वाडवडलांच्या जमिनीवर कंपनी आली आणि जमिनीपाठोपाठ तोही कंपनीत आला. मी त्याला म्हणालो, ‘तुम्ही स्विच फार झटक्यात ओढता. सर्व्हरला धक्का बसतो.’

त्यानं तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं. ‘राव, स्विच काय हळूहळू वढत्यात व्हय? त्यो एकतर वर हाय, न्हाईतर खाली हाय.’

लाइनवाल्यांनी आपला मार्ग काढला. शुक्रवारच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या नळ्या क्रेटमध्ये बाजूला ठेवायच्या आणि स्टिकर नंतर लावायचे. मॅनेजरचे फोन बंद झाले. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, की सर्व्हर म्हातारा झालाय आणि नवा मिळेपर्यंत असंच चालायचं. माणूस कशालाही सरावतो. मीसुद्धा त्या शुक्रवारांना सरावलो.

मे महिन्यातल्या एका बुधवारी, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावरची एक बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यानं मी तिला ओळखत होतो. लातूरकडची, नवऱ्याबरोबर चिखलीत भाड्याच्या खोलीत राहणारी, ठेकेदारामार्फत पाच वर्षं आमच्याकडं काम करणारी. माझ्या खोलीत सर्व्हर असल्यामुळं बाहेर चपला काढायचा नियम आहे. तिनं सेफ्टी शूजच्या नाड्या सोडून ते भिंतीशी नीट लावून ठेवले होते.

‘सर, जरा काम होतं.’

‘बोला ताई, पटकन.’

‘पुढच्या महिन्यात कायमची लिस्ट लागलाली. आमच्यातल्या आठजणी घेणार हायत. वर्षाला धा लेट मार्कच्या वर नको म्हणलालेत. माझे चौदा झाले.’

‘मग वेळेवर यायचं.’

‘येते की सर. चौदाच्या चौदा शुक्रवारचे हायत. एचआरच्या सायबाला इचारलं तर ते म्हणले, सिस्टीम सांगती ते खरं. म्हणून तुमच्याकडं आले.’ ती एक पाऊल पुढं आली. ‘शुक्रवारचं घड्याळ नेमकं कितीक पुढं असतंय, तेवढं सांगा. मी तेवढं आधी येते.’

मला आधी समजेना. मग तिनं सांगितलं, की ठेक्यावरच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माणसं सुस्त येतात म्हणून कंपनी दर शुक्रवारी गेटवरचं घड्याळ मुद्दाम पुढं करते. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. कंपनी असं करणारच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. तिला फक्त आकडा हवा होता.

मी भडकलो. माझ्या सर्व्हरचं घड्याळ चुकतं म्हणणारी ही कोण? ‘घड्याळ इंटरनेटवरून लागतं ताई, एका सेकंदाचा फरक पडत नाही त्यात. सुट्टीनंतर पहाटे उठवत नसेल तर तसं म्हणा.’

बाहेर जाऊन खाली बसून तिनं नाड्या बांधल्या, दोन्ही पायांच्या, सावकाश, आणि चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तशी गेली. अर्धं मिनिट मला फार बरं वाटलं. मग बरं वाटेना. चौदापैकी चौदा शुक्रवार! माणूस आळशी असला तरी इतका शिस्तशीर आळशी नसतो.

मी हजेरीची नोंदवही पडद्यावर उघडली. मागच्या वेळी ती पहिल्या शिफ्टला होती त्या शुक्रवारी तिचा अंगठा सात वाजून एकोणीस मिनिटांचा होता. तिच्या वरच्या ओळीत सात एकोणीस, खालच्या ओळीत सात एकोणीस. मी ओळी मोजत गेलो. बासष्ट माणसं, सगळी एका मिनिटात आत आलेली. गेटवर मशीन एक. एका मशीनवर मिनिटभरात बासष्ट अंगठे लागत नाहीत, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. कायम असलेल्या लोकांचे लेट मार्क त्यांचे सुपरवायझर दर महिन्याला एका फॉर्मवर ‘मशीन प्रॉब्लेम’ लिहून काढून टाकत होते, त्यामुळं कुणी ओरडलं नव्हतं. ठेक्यावरच्या बायकांसाठी तो फॉर्म भरणारं कुणीच नव्हतं.

दोन दिवसांनी शुक्रवार होता. मी सव्वासहालाच गेटवर जाऊन उभा राहिलो. अजून मेन वर गेला नव्हता, हजेरीचं मशीन काळं होतं. त्या काळ्या मशीनसमोर ती उभी होती. एकटीच. केस ओले, ओठ घट्ट मिटलेले. मला पाहून तिनं मान फिरवली. साडेसहाला मशीनचा दिवा लागला, तिनं अंगठा ठेवला, मशीन नेहमीसारखं पीक करून हिरवं झालं. मी माझ्या तळहातावर पेनानं वेळ लिहिली, सहा बत्तीस. तिच्यामागं हळूहळू रांग आली, पीक, पीक, पीक, प्रत्येकाला हिरवा दिवा. मशीन अंगठा घेत होतं, पण त्यावर वेळ टाकायचं काम माझ्या डेटाबेसचं होतं, आणि डेटाबेस अजून दार लावून बसला होता. त्यानं दार उघडलं की साठ अंगठे एकदम आत घुसणार आणि सगळ्यांवर एकच शिक्का बसणार. उशीर.

मी वर खोलीत गेलो. पडद्यावर ‘सुरू होत आहे’. माझा हात सवयीनं बटणाकडं गेला आणि मी तो मागं घेतला. त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीही न करता बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो, खोटं सांगत नाही. आणि इतक्या महिन्यांत जे कधी वाचलं नव्हतं ते वाचलं, डेटाबेस सुरू होताना एकेक ओळ लिहीत जातो ते. त्याला अमुक जागेपासून लॉग पुन्हा वाचून काढावा लागतोय, असं तो सांगत होता. ती जागा कुठल्या वेळेची ते मी शोधलं. गुरुवारी सकाळी सहा चाळीस. वीज गेल्यावर तो बंद पडला होता सात पस्तीसला. मधल्या जवळजवळ तासाभरात तिसऱ्या शिफ्टचा सगळा हिशेब लिहिला जातो, आठवड्यातला सगळ्यात मोठा ढीग. त्याच्या घड्या व्हायच्या आधीच दर गुरुवारी आम्ही वीज घालवत होतो, आणि शुक्रवारी तो ढीग शेवटच्या कपड्यापर्यंत आवरल्याशिवाय डेटाबेस कुणालाही आत घेत नव्हता. पूर्वी पाच मिनिटांचा ढीग असायचा, चुटकीसरशी आवरायचा. तासाभराचा ढीग त्याच्यासमोर टाकणारा माणूस मी होतो. ज्या सेटिंगसाठी मला डॉक्टर म्हणत होते, तेच सेटिंग.

डेटाबेस सात वाजून सोळा मिनिटांनी उठला. मी तिची ओळ काढली. सात सोळा. तळहातावर सहा बत्तीस. मला लाज वाटली, आणि त्या दोन आकड्यांकडं बघत बसण्यापलीकडं काही सुचेना. तिचे पंधरा झाले होते.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टी असून कंपनीत गेलो. इलेक्ट्रिशियनच्या हातापाया पडून सर्व्हरपुरती वीज वेगळी मागून घेतली. दिवसभर मी सेटिंग बदलायचो, लाइन चालू असल्यासारख्या खोट्या नोंदी टाकायचो, मग तो वायर उपटायचा, पुन्हा लावायचा, आणि मी घड्याळ घेऊन बसायचो. घड्या पुन्हा पाच मिनिटांवर आणल्या, पण त्या एकदम न करता हळूहळू, मधल्या वेळात पसरून करायला लावल्या. लॉग वेगळ्या डिस्कवर हलवला. दुपारी चारपर्यंत जमलं. सर्व्हर दीड मिनिटात उठत होता. स्टिकरला आता सेकंदाच्या जागी दीड सेकंद लागणार होता, तेवढं सोसावं लागणार होतं. आणि मेन ओढण्याआधी डेटाबेस नीट बंद करणारं एक बटण मी इलेक्ट्रिशियनच्या पॅनेलजवळ बसवलं.

‘हे आदी दाबायचं, मंग स्विच?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘येवढंच व्हतं व्हय? आदी सांगितलं आसतं तर आमी अकरा वर्सं दाबलं आसतं की.’

मॅनेजरला तो अर्धा सेकंद खुपला. ‘चांगलं चाललेलं बिघडवतोस कशाला?’ म्हणाला. माझा आवाज चढला. शेजारच्या केबिनमधली माणसं माना वर करून बघायला लागली तरी उतरेना. शेवटी त्यानंच हात जोडले आणि म्हणाला, कर बाबा काय करायचं ते.

पुढचा शुक्रवार सरळ गेला. मागचे पंधरा लेट मार्क मात्र होते तिथंच होते, आणि लिस्ट पंधरा दिवसांवर आली होती. ते पुसणं मला एका ओळीचं काम होतं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, तिच्या नावापुढं शून्य. कुणाला कळलंही नसतं. एका दुपारी मी ती ओळ लिहिली. एंटरवर बोट ठेवून बसलो, पुन्हा उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. मग ओळ तशीच ठेवून पडदा बंद केला आणि घरी गेलो.

वडील आता माझ्याकडंच असतात. त्यांची संध्याकाळची वंदना झाली होती आणि ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तीस वर्षं कार्ड पंच केलेलं आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, सेटिंगपासून त्या न दाबलेल्या एंटरपर्यंत.

‘अशी किती माणसं आहेत?’ त्यांनी विचारलं.

‘साठेक. बहुतेक बायकाच.’

‘मग एकीचंच का पुसतोस?’

‘तिनं विचारलं म्हणून.’

‘बाकीच्यांनी विचारलं नाही, म्हणून त्या उशिरा आल्या होत्या का?’

मी म्हणालो, साठ जणींचं पुसलं तर बोभाटा होईल. ते म्हणाले, ‘होऊ दे की. आणि चोरून पुसलंस तर तिला काय सांगणार? आपोआप गेले म्हणून?’ मग ते चहा आणायला आत गेले. मला त्यांचा राग आला, कारण मला पळवाट हवी होती आणि ती ते देत नव्हते.

मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणांमुळे शुक्रवारच्या हजेरीच्या नोंदींमध्ये तफावत आढळून आली आहे.’ वाचलं आणि फाडला. तफावत काय आपली आपण आढळून येते? दुसऱ्या कागदावर लिहिलं, ‘दिवाळीच्या आधी मी डेटाबेसच्या लॉगचं सेटिंग बदललं. त्यामुळं दर शुक्रवारी सर्व्हर उशिरा सुरू होत होता आणि वेळेवर आलेल्या माणसांना लेट मार्क लागत होते. चूक माझी आहे.’ खाली सर्व्हर सुरू झाल्याची प्रत्येक शुक्रवारची वेळ, आणि प्रत्येक शुक्रवारी एकाच मिनिटात आत आलेल्या माणसांची यादी जोडली.

एचआरचा साहेब माणूस वाईट नाही. त्यानं पत्र दोनदा वाचलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, ‘अरे, तो ‘मी’ काढ. ‘सिस्टीम’ घाल. तुझ्याच भल्याचं सांगतोय, राव.’ मी दार बघत होतो, खिडकी बघत होतो, माझा पाय टेबलाखाली थाडथाड हलत होता. मला ‘सिस्टीम’ घालायची फार इच्छा होती. पण त्या बाईला याच खोलीत, याच टेबलासमोर उभं करून सिस्टीमचंच नाव सांगितलं होतं. मी म्हणालो, राहू द्या तसंच.

चार दिवसांनी निर्णय झाला. दिवाळीपासूनचे शुक्रवारचे सगळे लेट मार्क सगळ्यांसाठी रद्द. मला मेमो मिळाला, फाइलला लागला. तो मी घडी घालून खिशात टाकला आणि संध्याकाळपर्यंत विसरलोही. लिस्ट लागली तेव्हा मी नोटीस बोर्डापाशी गर्दीच्या मागं उभा राहून माना चुकवत वाचली. आठ नावं होती. चौथं तिचं होतं. मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनवाल्याला उगाचच दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यायलो.

आणि मग मी एक गोष्ट केली, ती कबूल करतो. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी मी गेटवर जाऊन तिची वाट बघत उभा राहिलो. तिनं आभार मानावेत म्हणून. मी मनाला समजावलं होतं की मी माफी मागायला चाललोय, आणि तेही खोटं नव्हतं. पण आभार मला हवे होते.

ती तीन वाजून पाच मिनिटांनी बाहेर आली. डबा घातलेली पिशवी खांद्याला, बाकीच्या बायका पुढं शेअर रिक्षाकडं गेलेल्या. मी म्हणालो, ‘ताई, अभिनंदन. आणि त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही वेळेवरच येत होता. चूक माझ्या सर्व्हरची… माझी होती.’

‘सांगितलं एचआरच्या सायबांनी. म्हणजे सर, पावणेसातला आले काय आन् सव्वासहाला आले काय, शिक्का तोच बसणार होता?’

‘हो.’

‘मी सारखं आधी-आधी यायलाले. कितीबी आधी आलं तरी लेटच.’

‘हो ताई. तुमच्या येण्याचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.’

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘माझी पोरगी पाच वर्षाची हाय. मालक नाइटला असले की शुक्रवारी तिला पहाटं चारला उठवून शेजारणीकडं टाकायचे मी. पहिली रिक्षा धरायला. झोपंतून उठत नव्हती, लई रडायची. तरी मी म्हणायचे, कंपनीचं घड्याळ पुढं हाय, त्याला आपण काय करणार. मग तुम्ही म्हणलाव घड्याळ बरोबर हाय. मला वाटलं, मंग आपलंच चुकलालंय. त्या शुक्रवारी पोरगी उठंना, तर तिला मारलं मी. तुझ्यामुळं लेट होतंय म्हणून. गालावर बोटं उठली.’

तो तोच शुक्रवार होता. काळ्या मशीनसमोर ती एकटी उभी होती आणि मी तळहातावर वेळ लिहून घेत होतो.

रिक्षातल्या बायकांनी तिला हाक मारली. ती निघाली, दोन पावलं गेली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या बुधवारी घड्याळाचा आकडा विचारताना जसा होता तसाच साधा चेहरा होता.

‘लेट मार्क तर तुम्ही काढलाव सर,’ ती म्हणाली. ‘तिला काय सांगू?’

रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला. बायकांनी सरकून तिला जागा केली, ती कडेला बसली, आणि रिक्षा मोशीच्या दिशेनं गेली तरी मी तिथंच, न हलता, उभा होतो.